मी फाटकात आलो की नेट जातं

भूत, करणी, बाहेरची बाधा... यातलं मी कधीच काही मानलं नाही. वरठीला कारखान्यात तीस वर्षं वायरमन होतो. वायरमनच भुताला भ्यायला लागला, तर अमावस्येला खांबावर चढणार कोण? तरी हे लिहितोय, कारण सगळे उपाय करून थकलो.

गाव करडी, तालुका मोहाडी. घर तलावाच्या पाळीपासून, म्हणजे बांधापासून, शंभर पावलांवर. मुलगा फिरतीवर असतो, म्हणून सून तृप्ती आणि चार वर्षांची नात मिठू पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या. तृप्तीचं काम घरूनच, लॅपटॉपवर. अट एकच – नेट टिकलं पाहिजे.

फायबर जोडलं. राउटर उंदरांनी कुरतडू नये म्हणून मी तो धानाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवला. वर झाकण! दोन दिवस नेट मिळेना आणि मी कंपनीला शिव्या देत होतो. तृप्तीने कोठी उघडली, मला हात जोडले आणि राउटर माजघरात उंच फळीवर ठेवला. मी गावात चक्कर मारायला निघालो आणि नेट पळायला लागलं.

पण दिवसातून चार-पाच वेळा जायचंच, आणि गेलं की लवकर यायचं नाही. वायर बदलली, राउटर बदलला, इन्व्हर्टर लावला... शेवटी तृप्तीच्या वरच्या मॅडमने बजावलं – सोमवारच्या मीटिंगमध्ये नेट गेलं, तर पुण्याला परत ये. तृप्तीने बॅग काढून पलंगावर ठेवली. ती उघडी बॅग पाहून मी ताट तसंच सोडून उठलो.

रविवारी दुकानातून परतलो. फाटकात पाय ठेवला तोच मागच्या खोलीतून मिठू ओरडली, "आबाजी आले!"

तिथून फाटक दिसत नाही.

"तुले कसं समजलं वो?"

"कार्टून थांबलं ना! रोज थांबतं. मग तुम्ही येता."

मी हसलो. मग हसू थांबलं. बाहेर गेलो – कार्टून सुरू. आत आलो – बंद, आणि मी बाहेर जाईपर्यंत येतच नाही. मोबाइल, घड्याळ, चाव्या, कमरेचा करगोटासुद्धा पाळीवर काढून आलो – बंदच. शेवटी चप्पल हातात घेऊन गोठ्यामागून चोरासारखा शिरलो. शेणात पाय बुडला, आणि माजघरातून तृप्तीचा आवाज – "गेलं!"

बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. "मले तं चाळीस वर्सापासून मालूम आहे. तुमी घरात पाय ठेवला का काही ना काही बंदच पडते."

"हसून काहून राहिली? पोरगी बॅग भरून राहिली तिकडे."

तिने तोंडावरचा पदर काढला. मग हळूच म्हणाली, "उद्या डबा बांधून देतो. जा पाळीवर."

सोमवारी नऊ वाजता डबा घेऊन पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसलो. नजर फाटकावर... बॅग बाहेर येते का, एवढंच बघत होतो. डबा उघडलाच नाही. एक वाजता बायको धापा टाकत आली. "झाली मीटिंग. एकदाबी नाही अटकलं!"

बॅग कपाटावर गेली आणि मी पाळीवर आलो, तो आलोच.

बाकी कोणीही घरात आलं-गेलं तरी काही होत नाही. नेटच्या लाइनमनने मीटर लावून पाहिलं, मला तीनदा आत-बाहेर चालवलं आणि चहा न घेताच निघून गेला. देवऋषीनेही नारळ फोडला. नेट आलं नाही, चटणी झाली. तेव्हा कृपा करून नवा देवऋषी सुचवू नका.

येणारे-जाणारे विचारतात, "काका, रिटायर झाल्यावर कोणती शिफ्ट लागली जी?" मी हसतो. पण ज्यांनी घरात राहावं म्हणून एवढी धडपड केली, त्यांच्यासोबत दिवसभरात एक घास खाता येत नाही. परवा भरपावसात तृप्ती छत्री घेऊन आली. "मामाजी, बस झालं. आम्ही जातो पुण्याला."

"नाही वो. मले अथीच हवा चांगली लागते," म्हटलं. थंडीने दात वाजत होते.

माझ्यातच असं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. संध्याकाळी सहापर्यंत आत यायचं नाही, असं ठरलंय. पण पाच मिनिटं आधीच फाटकाशी येऊन उभा राहतो, आणि कधी कधी राहवत नाही... पायाचा अंगठा – फक्त अंगठा – आत टेकवतो.

आतून लगेच हाक येते, "आबाजी आले!"