नाव हुद्द्यासकट

सहदेव आणि मी खोपोलीच्या एका सरकारी ऑफिसात बावीस वर्षे समोरासमोर बसतो. मी हिशेबाच्या टेबलावर, तो आवक-जावकच्या. आलेल्या टपालावर शिक्का मारणे आणि गेलेल्या टपालाचा नंबर लिहिणे, एवढीच त्याची नोकरी. पण पोशीरपासून कशेळ्यापर्यंत कोणालाही सहदेवबद्दल विचारा, त्याला शिक्का आठवणार नाही. त्याला माईक आठवेल.

आमच्या भागातल्या लग्नात नवरदेवाइतकेच महत्त्व पाहुण्यांच्या स्वागताला असते. मांडवाच्या एका कोपऱ्यात निवेदक उभा असतो. पाहुणा आत पाऊल टाकतो तोच त्याचे नाव, गाव आणि हुद्दा माईकवरून सगळ्या मांडवाने ऐकायचा असतो. नाव राहिले तर पाहुणा जेवतो, आहेर देतो आणि पुढची दहा वर्षे त्या घरी पाय ठेवत नाही. हुद्दा चुकला तर त्याहून वाईट. म्हणून हे काम कोणालाही देत नाहीत.

पोशीरचा सहदेव हे काम तीस वर्षे करत होता आणि त्याचा एकही पाहुणा चुकला नव्हता. पैसे घेत नसे. टोपी, टॉवेल आणि नारळ, बस. त्याच्याकडे एक डायरी होती. कोण कुठल्या सोसायटीचा चेअरमन झाला, कोणाचे सदस्यत्व रद्द झाले, कोण पक्ष बदलून आला, हे तो दर महिन्याच्या एक तारखेला फोन करून विचारी आणि डायरीत दुरुस्ती करी. ती डायरी मी पाहिली आहे. आमच्या ऑफिसातले एकही रजिस्टर इतके अद्ययावत नाही. हॉर्नवरून गाडी आणि गाडीवरून माणूस तो ओळखायचा. अंधारात कोणी मागून नुसते "काय रं सहदेव" म्हटले, तरी वळून न बघता नावाने उत्तर देई. याचा त्याला फार अभिमान होता. दुसरा कसला अभिमान बाळगण्याची सोय त्याच्या आयुष्यात नव्हतीही.

आठ वर्षांपूर्वी अलिबागहून लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचे गोपनीय पत्र आमच्या साहेबांना आले. एका कारवाईसाठी दोन सरकारी कर्मचारी पंच म्हणून हवे होते. नियम असा की पंच दुसऱ्या खात्याचा आणि शक्यतो लांबचा असावा. आमचे ऑफिस खालापूर तालुक्यातले, कारवाई शेजारच्या तालुक्यातली, म्हणून पत्र आमच्याकडे. साहेबांनी मान वर केली तेव्हा समोर सहदेव शिक्का मारत होता. तो त्याच शेजारच्या तालुक्यात राहतो का, हे कोणी विचारले नाही.

कशेळ्याच्या बाजूला विठू नावाचा एक माणूस गुरांच्या गोठ्याच्या अनुदानासाठी दीड वर्ष फेऱ्या मारत होता. पंचायत समितीचे सभापती हर्षदशेठ यांनी फाईल पुढे सरकवायला पंधरा हजार मागितले, अशी त्याची तक्रार. खरोखर मागतात का, हे आधी तपासायचे होते. बंद गाडीत विठूने शेठना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि रेकॉर्डरही. शेजारी पंच क्रमांक एक म्हणून सहदेव बसलेला. पलीकडून आवाज आला, "पंधराचं बोललो ना मी. बाकी बघू." फोन बंद होताच अधिकाऱ्याने विचारले, हा आवाज कोणाचा ते पंचांना सांगता येईल का? सहदेवच्या तोंडून विचार करण्याआधीच निघून गेले, "पंचायत समितीचे सभापती, माननीय हर्षदशेठ." पंचनाम्यात तसेच लिहिले गेले, फक्त माननीय गाळून. दुसऱ्या दिवशी शेठच्या ड्रायव्हरला पैसे घेताना धरले आणि संध्याकाळी शेठना अटक झाली.

लोक खवळले. पण कशावर, हे नीट सांगायला हवे. हर्षदशेठ पैसे घेतात यावर कोणाचेच दुमत नव्हते. कशेळ्याच्या बाजारात, जीपच्या स्टँडवर, सलूनमध्ये मी जे ऐकले ते सगळे रकमेबद्दल होते. पंधरा हजार? एवढा मोठा माणूस आणि पंधरा हजारांसाठी हात पुढे करेल? कोणी म्हणे हा शेठचा अपमान आहे, कोणी म्हणे अख्ख्या तालुक्याचा. लाखांत घेताना पकडले असते तर पटले तरी असते, असे एका निवृत्त शिक्षकांनी मला चहा पिताना गंभीरपणे सांगितले. जामीन झाला त्या दिवशी शेठची मिरवणूक निघाली. विठूला गावाने बोलावून, तू गावाचे नाव घालवलेस, असे सुनावले. त्याच आठवड्यात सुनावणाऱ्यांपैकी तिघे जण मागच्या दाराने विठूकडे गेले आणि तक्रारीचा अर्ज कसा लिहायचा, ते विचारून आले.

सहदेवचे नाव तेव्हा कोणाला कळले नाही. ते दोन वर्षांनी कळले, आरोपपत्राची प्रत शेठच्या वकिलाच्या हाती पडली तेव्हा.

शेठ त्याला काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. आधी एका लग्नाचा निरोप फिरला, मग दुसऱ्याचा. लोक ओशाळून सांगत. शेठ येणार, सहदेव माईकवर, बरे दिसणार नाही. तुझ्यावर आमचा राग नाही, असेही जाता जाता सांगत. राग खरेच नव्हता. ज्या हंगामात सहदेवची तीसेक लग्ने होत, तिथे चार उरली, मग एक. रविवारी मुहूर्ताच्या वेळी तो घराच्या ओटीवर बसून लांबून येणारा स्पीकरचा आवाज ऐके आणि नव्या निवेदकाची चूक सापडली की सोमवारी मला सांगे. अमुकला त्याने उपसरपंच म्हटले, तो फेब्रुवारीतच पायउतार झालाय. हे सांगताना त्याचा चेहरा कोणी वारल्याची बातमी द्यावी तसा होई.

साक्षीची तारीख लागली तेव्हा शेठचा माणूस त्याच्या घरी आला. चांगले बोलला. खोटे बोल असे कोणी सांगत नाही, म्हणाला. सात वर्षे झाली, फोनवरचा आवाज, खात्री देता येत नाही, एवढेच म्हणायचे. मग सगळे पहिल्यासारखे. मे महिन्यात शेठच्या पुतणीचे लग्न आहे, पाच हजार पान, मंत्री येणार. माईक तुझाच.

सहदेवची बायको शकू आतून ऐकत होती. माणूस गेल्यावर ती एवढेच बोलली, "मला काय टावेल कमी पडलं हायत का? कपाटात बेचाळीस हायत." पण टॉवेलचा प्रश्न नव्हता, हे तिलाही माहीत होते. सहदेवने मला ऑफिसात सांगितले की तो खात्री नाही असे म्हणणार आहे. फितूर झालेल्या सरकारी पंचावर खात्याची कारवाई होऊ शकते, असे परिपत्रक होते, ते मी काढून त्याच्या टेबलावर ठेवले. त्याने ते वाचले, आवक नंबर टाकला आणि मला परत दिले.

सोबत म्हणून मी रजा टाकून अलिबागला गेलो. पेणला बस बदलली. कोर्टात शेठ पांढऱ्या कपड्यांत आरोपीच्या बाकावर बसले होते आणि मागची जागा त्यांच्या माणसांनी भरली होती. विठू एकटाच भिंतीला टेकून उभा होता.

रेकॉर्डिंग वाजले. सरकारी वकील बाईंनी विचारले, आवाज कोणाचा? सहदेवने खाली बघत सांगितले की खात्री देता येत नाही. मागे माणसे खुर्च्यांत सैलावल्याचा आवाज आला. बाईंनी साक्षीदार फितूर झाल्याचे सांगून उलटतपासणीची परवानगी घेतली. त्या चिडल्या नव्हत्या. कागद चाळत त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, की आपण लग्नात निवेदन करता का? करतो, सहदेव म्हणाला. किती वर्षे? तीस. पाहुण्यांना आवाजावरून ओळखता, असे लोक सांगतात, ते खरे का? सहदेवने पिंजऱ्याचा कठडा बोटाने पुसला. मग बाई म्हणाल्या, "म्हणजे लोक उगाच सांगतात. तीस वर्षांत तुमच्याकडून बऱ्याच पाहुण्यांची नावं चुकली असणार."

मी सहदेवकडे बघत होतो. परिपत्रक त्याने पचवले होते. हे त्याला पचले नाही. त्याने मान वर केली.

"एक पण नाय, मॅडम."

"मग हा एकच आवाज कसा ओळखता येत नाही?"

तो सावकाश, माईकवर बोलतो तशा आवाजात बोलला. "आवाज हर्षदशेठचा हाय. 'बघू' बोलायच्या आधी ते घसा खाकरतात. रेकॉर्डिंगमदी हाय ते. लग्नात आशीर्वाद द्यायला उभं राहिलं की पण तसंच करतात. चारशे येळा ऐकलंय मी."

शेठचे वकील हरकत घ्यायला उठले. त्याच वेळी आरोपीच्या बाकावरून घसा खाकरल्याचा आवाज आला. न्यायाधीशांनी तो लिहून घेतला नाही, पण चष्म्यावरून एकदा तिकडे पाहिले. पुढे बाईंनी आरोपीचा उल्लेख सभापती असा केला, तेव्हा सहदेवने त्यांना थांबवून सांगितले की आता माजी, त्या दिवशी मात्र आजी होते. एवढी दुरुस्ती करून तो पिंजऱ्यातून उतरला.

परतताना बसमध्ये तो म्हणाला, पुतणीचं लग्न गेलं. खरे बोलल्याचे समाधान वगैरे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसले नाही. मीही ते शोधले नाही.

शेठना चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी अपील केले, शिक्षेला स्थगिती मिळाली, जामीन मिळाला, आणि दुसरी मिरवणूक पहिलीपेक्षा मोठी निघाली. आता लोकांचे म्हणणे होते की माणसाने भोगले ते पुष्कळ झाले. भोगले काय, तर बाविसेक दिवस. सहदेवबद्दल दोन मते होती. काहींच्या मते तो माजला होता. काहींच्या मते त्याने मोठी हिंमत दाखवली होती, आणि हे ते त्याला रस्त्यात थांबवून सांगत. दोन्ही मतांच्या लोकांनी त्या हंगामात निवेदक दुसराच बोलावला. पुतणीच्या लग्नातल्या निवेदकाने मंत्र्यांचे खाते चुकीचे सांगितले, ही बातमी सहदेवला सकाळी सहा वाजता फोनवरून कळली. त्याने डायरीतल्या दुरुस्त्या थांबवल्या नव्हत्या. दर एक तारखेला फोन चालूच होते.

मग या वर्षी फेब्रुवारीत कोंडीने त्याला बोलावले. कोंडी पोशीरचीच, नवरा गेल्यावर भाताची शेती एकटीने करून मुलगी शिकवलेली. त्या प्राचीचे लग्न होते. कोणीतरी तिला शेठची आठवण करून दिली. तिने सांगितले, "त्येंना पण पत्रिका दिली हाय. येतील तर येतील. पण माझ्या पाव्हण्यांची नावं नीट घेणारा माणूस मला पायजे."

लग्न दुपारचे होते. मी गेलो तेव्हा सहदेव कोपऱ्यात स्टुलावर डायरी उघडून उभा होता, नवा शर्ट घालून. मी आत पाऊल टाकताच माईकवरून माझे नाव, ऑफिस आणि "सेवानिवृत्तीस अकरा महिने शिल्लक" एवढे सगळे जाहीर झाले. दोघा-तिघांनी वळून बघितले. बरोबरच होते, अकराच होते.

मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा. अक्षता वाटून झाल्या होत्या आणि बाहेर हॉर्न वाजला. सहदेवने तो ओळखला, कारण त्याचा हात माईकवर घट्ट झालेला मला दिसला. हर्षदशेठ आठ-दहा माणसांसह मांडवाच्या तोंडाशी आले आणि थांबले. आपले नाव पुकारले जाईपर्यंत थांबायची त्यांची सवय जुनी. सगळा मांडव आधी त्यांच्याकडे आणि मग स्टुलाकडे बघू लागला. भटजींनीही पुस्तक खाली केले. नाव गाळले असते तरी चालले असते. नुसते नाव घेतले असते तर सगळ्यांनाच बरे वाटले असते. कोंडी पुढच्या रांगेत हातात अक्षता धरून उभी होती. तिने काहीच खूण केली नाही.

सहदेवने डायरीत बघितले. मग नेहमीच्या चालीवर, एकही शब्द न गाळता तो बोलला.

"आपल्या पंचायत समितीचे माजी सभापती, लाचेच्या खटल्यात चार वर्षांची शिक्षा झालेले, अपील दाखल करून सध्या जामिनावर असलेले, माननीय हर्षदशेठ मांडवात आलेले हायत. प्राचीच्या आईतर्फे त्यांचं हार्दिक स्वागत."

शेठनी हात जोडले. नाव संपले की हात जोडायचे, हे पंचवीस वर्षांच्या सवयीने आपोआप झाले. त्यांनी हात जोडलेले पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही सवयीनेच. टाळ्या चालू असताना शेठच्या चेहऱ्यावर आधीची तीन-चार विशेषणे एकेक करून पोचताना मला दिसली. पण तोवर ते निम्म्या मांडवात आले होते आणि मागे फिरायला जागा नव्हती. त्यांना आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला माईक दिला गेला. त्यांनी तो हातात घेतला आणि घसा खाकरला. अख्खा मांडव हसला. भटजीही. शेठनी वधूवरांना शुभेच्छा दिल्या आणि न जेवता गेले.

जेवणाच्या पंगतीत एकच तक्रार आली, ती गावच्या माजी सरपंचांची. शेठचे एवढे चार ओळींचे स्वागत आणि माझे एका ओळीत का? सहदेवने त्यांना सांगितले की आणखी ओळी हव्या असतील तर तशी कारणे हवीत. माजी सरपंच जरा विचारात पडले.

सोमवारी ऑफिसात सहदेवचा फोन सारखा वाजत होता. एप्रिलची दोन लग्ने ठरली, मेची तीन. कोणाच्या तरी हळदीला शेठ येणार होते आणि खास म्हणून सहदेवच हवा होता. लोकांना ते पुन्हा ऐकायचे होते. दुपारी शेठचा तोच माणूस स्वतः आला. समोरच्या खुर्चीत बसून, आवाज खाली करून म्हणाला की झाले ते झाले. शेठ लग्नांना जाणार, सहदेव माईकवर असणार. यापुढे नुसते माजी सभापती म्हटले तर फार बरे होईल.

सहदेवने डायरी काढली, शेठचे पान उघडले आणि त्याच्यापुढे धरले.

"अपिलाचा निकाल लागला की कळवा," तो बोलला. "लगेच दुरुस्ती करतो. दर एक तारखेला मी फोन करतोच."

माणूस गेल्यावर त्याने सकाळचे टपाल पुढे ओढले आणि शिक्का मारायला सुरुवात केली.