गेटवर अडलेलं प्रवाळ

“सब पीछे हटो! डब्बे में बम है!”

फॅक्टरीच्या गेटवर हवालदार असा काही ओरडला की मागच्या हजार सायकली एकदम आडव्या झाल्या. मोजल्या नाहीत, पण कमी नव्हत्या. डबा माझा होता. खाली पोळ्या आणि वांग्याची भाजी, वरच्या पुडात फडक्यात गुंडाळलेला मुठीएवढा दगड.

लढाईचे दिवस. जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघायचा. जबलपुरात, आमच्या कांचघर मोहल्ल्यात, शेजारच्या काकूंनी तर नव्या भाडेकरणीवर आळ घेतला होता, की ही गच्चीवर पापड मांडून दुश्मनाच्या विमानांना खुणा करते.

दगड माझ्या मेव्हण्याने कच्छातून पाठवलेला. तो तिकडे विहिरींसाठी जमीन तपासत हिंडायचा. सोबत चिठ्ठी होती : ‘जुन्या समुद्रातलं प्रवाळ आहे. आत एक नळी गेलीय. जपून कापून बघा.’ कापायचं तर फॅक्टरीतल्या आमच्या शॉपमधल्या, म्हणजे विभागातल्या, कटिंग व्हीलवरच. सरकारी मशीनवर घरचं काम सगळेच उरकायचे; विळ्यांना धार काय, स्टोव्हचे पाय काय. पण लढाईत सापडलं तर गेटपास जप्त, आणि गेटपास गेला की नोकरी गेली.

हवालदाराने चिठ्ठी तीनदा वाचली. “कच्छ. मतलब बॉर्डर. और ये नली किसकी?”

“कीड़े की, साहब.”

मागे उभा असलेला आमच्या शॉपचा टर्नर, अमरावतीकडचा, माझ्या कानात कुजबुजला, “काहून खरं बोलून राहिला बे? वरवंट्याचा तुकडा आहे म्हण ना!”

पण मी बोलत सुटलो होतो. माझं तोंड चालू असेपर्यंत कापण्याचा विषय निघणार नव्हता. गेटवरच मी समुद्र आणून ओतला. म्हटलं, हे प्रवाळ म्हणजे तुमचा मूंगा; या चांदण्या दिसतात ना, ती एकेक खोली. प्रत्येकीत एक बारका जीव. पाठीवर हा शिंपला चिकटलाय, तो भाडेकरू. हा किडा, तोही भाडेकरूच.

“बिना पूछे घुसा?”

“जी.”

“और मूंगे ने निकाला नहीं?”

“नहीं साहब. उसके चारों तरफ दीवार उठाता गया. मूंगा जितना ऊपर, कीड़ा अपनी नली उतनी ऊपर.”

“मिले हुए थे,” हवालदार म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं.

मग त्याने दगडावरच्या एका गोल भोकावर बोट ठेवलं. हा कोण? मी सांगितलं, हा मागाहून आलेला. किड्याच्या नळीभोवती भिंती वाकल्यात, म्हणजे दोघं एकाच वेळी जिवंत होते. हे भोक भिंती सरळ तोडून गेलंय, म्हणजे घरमालक मेल्यावर कोणा शिंपल्याने पोखरलेलं. हवालदाराचे डोळे चमकले. असा पुरावा त्याला आयुष्यात मिळाला नसावा. वाटलं, सुटलो.

“अच्छा. काटोगे कहाँ?”

“घर पे.”

“काहे से?”

“आरी से,” मी म्हणालो.

“लकड़ी की आरी से पत्थर?”

सगळा समुद्र तिथेच आटला. टर्नर आभाळाकडे बघू लागला. तेवढ्यात भोंगा झाला. हवालदाराने गेटपास आणि दगड ठेवून घेतले, माझ्यामागे एक शिपाई लावला, म्हणाला, “शाम को आना.”

दिवसभर तो शिपाई माझ्या हातांकडे बघत बसला आणि मी घड्याळाकडे. त्या दिवशी शॉपमध्ये एका विळ्यालाही धार लागली नाही.

सुटी झाल्यावर गेलो. टेबलावर गेटपास होता. शेजारी दगड, मधोमध कापलेला, दोन्ही तोंडं आरशासारखी. असा काप आमच्या फॅक्टरीतल्या व्हीलखेरीज अख्ख्या जबलपुरात निघत नाही, हे मी शपथेवर सांगेन. हवालदाराच्या मिशांवर पांढरी भुकटी होती. कोणत्या शॉपमध्ये, कोणाच्या हुकमाने, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मी वाकून बघितलं. नळी खालपासून वरपर्यंत वळत गेलेली, आणि प्रवाळाच्या भिंती तिच्या प्रत्येक वळणाला बाजू देत गेलेल्या. बघतच राहिलो.

“हवालदार साहब, अंदर क्या निकला?”

त्याने गेटपास माझ्याकडे सरकवला.

“पत्थर.”