मामाजींनी वाणात दिलेला फ्यूज

"जावईबुवा, हे उठून नाही राहिले..." सकाळी फोन उचलला तर पलीकडे सासूबाई. त्यांनी मला कधी स्वतःहून फोन केला नव्हता. फोन लावायचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि आई, म्हणजे सासूबाई, मागून बोलायच्या. त्यामुळे तो आवाज ऐकताच मी समजलो. मी आणि माझी बायको मीना तसेच अमरावतीहून अकोल्याला निघालो. मामाजी झोपेतच गेले होते. जठारपेठेतल्या घरासमोर कडुलिंबाखाली त्यांची जुनी डिझेल गाडी उभी होती. आदल्या संध्याकाळीच त्यांनी ती धुतली होती, हे नंतर कळलं.

मामाजी दिवाणी कोर्टात वकील होते. कोर्ट सुटलं की पाना हातात घ्यायचा आणि गाडीखाली शिरायचं, हा त्यांचा आवडता उद्योग. जावयाने मात्र सासुरवाडीला कामाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि त्यावर अपील नव्हतं. मी गाडीजवळ गेलो की ते आतून खुर्ची आणून कडुलिंबाखाली ठेवत. "बसा जावईबुवा. तुमी फक्त पाहा." मग चहा येई. विम्याच्या दाव्यांसाठी जळालेल्या आणि ठोकलेल्या गाड्या तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे नुसतं पाहत बसणं मला जड जायचं. तोंड बंद ठेवायचं असं मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

आईंना फुप्फुसाचा आजार. दर पंधरवड्याला त्यांना अमरावतीच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे. मागच्या सीटवर आडवं होऊन, सोबत ऑक्सिजनचं लहान सिलिंडर घेऊन त्या प्रवास करत. एसटी किंवा ऑटो त्यांना झेपणारी नव्हती, म्हणून गाडी वेळेला चालू होणं हीच मामाजींची सगळ्यात मोठी काळजी. आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात इंजिनाशेजारी भाजून बॅटरी दरवर्षी दगा द्यायची. शेवटी त्यांनी ठरवलं, बॅटरी मागे डिकीत न्यायची. उन्हात उभ्या गाडीची डिकीही तापतेच, पण इंजिनाइतकी नाही. मलाही ते पटलं.

त्या वर्षी अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. जावयाला जेवू घालायचं, वाण द्यायचं, म्हणून आम्हाला बोलावणं होतं, आणि मामाजींनी मुहूर्त साधून त्याच दिवशी काम काढलं. "तुमी हायेच, तर देखरेख करा." खुर्ची आली. मी खुर्चीतून सांगत होतो आणि ते वाद घालत करत होते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. डिकीत लोखंडी चौकट तळाला बोल्टने आवळून त्यात बंद डबा बसवला, कारण धडक झाली तर एवढं वजन सुटून थेट मागच्या सीटवर येणार. बॅटरी चार्ज होताना निघणारा वायू पेट घेतो, म्हणून डब्यातून नळी गाडीच्या बाहेर काढली. निगेटिव्ह जिथे जोडायची तिथला रंग खरवडून पत्रा उघडा केला. पॉझिटिव्हची केबल पन्नास चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची. ती डिझेलच्या पाइपापासून आणि सायलेन्सरपासून लांब ठेवली, वीत-वीत अंतरावर पट्टीने आवळली आणि पत्र्याच्या धारेवर घासू नये म्हणून प्रत्येक भोकात रबरी कडं बसवलं. मामाजींचा हात साफ होता. आता फक्त बॅटरीलगतचा फ्यूज राहिला. तो त्यांनी आणलाच नव्हता.

"समोर होती तवा कुठं फ्यूज होता? कंपनीवाले का येडे हायेत?"

"तेव्हा वायर हातभर होती, मामाजी. आता पंधरा फूट आहे. कुठे घासून पत्र्याला टेकली तर बॅटरी सगळा करंट त्यातच ओतणार. वायर लाल होईल आणि ती आईंच्या सीटखालून जाते. वर ऑक्सिजन."

"पुरावा काय याचा?"

"जळालेल्या गाड्या पाहिल्यात मी."

"ते दुसऱ्यायच्या हातच्या. माह्या हातची वायर घासत नसते." एवढं बोलून ते हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी आईंची तारीख होती. अशा फ्यूजसाठी भर दुपारी हिंडायचं कोणी, हा त्यांचा खरा मुद्दा.

ताटं मांडली. पुरणाचे धोंडे, तूप, शेजारी तेहतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन. जावयाला रुसण्याचा हक्क असतो. तो मी लग्नातही वापरला नव्हता. पाटावर बसलो आणि हात मांडीवर ठेवले. "मला चांदी नको. वाणात अडीचशे अँपियरचा फ्यूज द्या, मग जेवतो." मीनाने डोळे वटारले. आई दम लागेपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "जा ना आता वकीलसाहेब, काहून उभे हा? जावई उपाशी हाये." मामाजींनी डोक्याला रुमाल बांधला आणि स्कूटरला किक मारली. बायपासवरच्या ट्रकच्या पार्टच्या दुकानातून ते परत आले तेव्हा तूप थिजलेलं नव्हतं, इतकं ऊन होतं. दोन्ही टोकांना बोल्टची भोकं असलेला तो फ्यूज निरांजनाशेजारी ठेवला, आईंनी त्याला हळद-कुंकू लावलं आणि मी जेवलो. संध्याकाळी तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसला. "कोर्टात मी असा कधी हरलो नाही," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर काही वर्षांनी, एका पावसाळ्यात, आईंना घेऊन येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे एका खड्ड्यातून गाडी उसळली आणि जागच्या जागी बंद पडली. मामाजींचा फोन आला. मी पोचलो तेव्हा ते डिकी उघडून उभे होते. इंजिनाच्या बाजूचं रबरी कडं उष्णतेने कडक होऊन गळून पडलं होतं. केबल पत्र्याच्या धारेवर घासली होती. तिथे तिळाएवढा काळा डाग होता, बाकी काही नाही. फ्यूज उडाला होता. मागच्या सीटवर आई गाढ झोपल्या होत्या. मामाजींनी जळका फ्यूज माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या. पुरावा दाखल." मग वाकून एकेक कडं बोटाने दाबून पाहू लागले.

मग तो फ्यूज त्यांनी चाबीच्या कडीत अडकवला. कोणी विचारलं तर पूर्ण खटला ऐकवत, निकाल माझ्या बाजूने, पण युक्तिवाद मात्र सगळा त्यांचाच. आणि अमरावतीला निघण्याआधी वाकून केबल बघायची, प्रत्येक कडं बोटाने दाबून पाहायचं, ही सवय शेवटपर्यंत मोडली नाही.

तेरावं झालं आणि त्यानंतरच्या आठवड्यात आईंची तारीख आली. मी अकोल्याला गेलो. निघण्याआधी बाह्या वर केल्या, बॉनेट उघडलं, मग गाडीखाली शिरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पट्ट्या जशाच्या तशा, एकही ढिली नाही. तेवढ्यात फरशीवर खुर्ची ओढल्याचा ओळखीचा आवाज आला. मी तसाच थांबलो... "वर या जावईबुवा" असं आता कोणी म्हणेल, असं क्षणभर खरंच वाटलं. डोकं बाहेर काढून पाहिलं तर मीनाने कडुलिंबाखाली खुर्ची आणून ठेवली होती आणि आई हळूहळू तिच्यात बसत होत्या.

"आता मी बसते," त्या म्हणाल्या. "तुमी पाहा. बोटानं दाबून पाहा, हे पाहत तसं."

मी प्रत्येक कडं दाबून पाहिलं. सगळी जागेवर होती. आईंनी पदराला बांधलेली चाबी सोडून माझ्या हातात दिली. कडीत तो जळका फ्यूज होता. गाडी पहिल्याच सेल्फला लागली. मीनाने आईंना मागे झोपवलं आणि ती खुर्ची आत न्यायला वळली.

"राहू दे तिथंच," आई आतून म्हणाल्या.