नाकाची नोकरी

बाबासो कांबळे यांनी एकतीस वर्षं नाकाची नोकरी केली. ही थट्टा वाटत असेल, तर ती पहिल्यांदा त्यांनीच केलेली आहे. राधानगरीकडच्या एका दूध शीतकरण केंद्राच्या डॉकवर ते उभे असायचे. टेम्पोतून कॅन उतरला की झाकण काढायचं, झाकणाची आतली बाजू नाकाशी न्यायची आणि कॅन पुढं सरकायच्या आत सांगायचं, दूध चांगलं की आंबट. तपासायची यंत्रं होती, पण यंत्राला वेळ लागायचा आणि कॅन रांगेत शेकड्यांनी उभे असायचे. त्यामुळं पहिला निकाल बाबासोंच्या नाकाचा. कॅन नीट धुतलेला नाही, म्हशीनं भलतंच काही खाल्लंय, कुणी काल संध्याकाळचं दूध गुपचूप सकाळच्यात मिसळलंय, हे सगळं त्यांना झाकणावरच कळायचं.

ज्या वाड्याच्या सोप्याच्या पायरीखाली त्यांच्या आज्याला उभं राहावं लागायचं, त्या घरचा कॅनसुद्धा बाबासोंनी नाक मुरडलं की माघारी जायचा. याचा त्यांना किती आनंद व्हायचा ते कधी कबूल करत नसत. मात्र एकतीस वर्षांत एकही कॅन आपण आकसानं परत पाठवला नाही, हे कुणी न विचारता सगळ्यांना सांगत. निवृत्तीच्या दिवशी सत्काराला कुणीतरी म्हणालं, "बाबासो, नाक तेवढं हितंच ठेवून जावा की." सगळे हसले, बाबासोही हसले. सव्वा वर्षानं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते नाक खरंच कुठंतरी राहून गेलं.

ताप चार दिवसांत उतरला. बायकोला, शालनला, पंधरवड्यात पुन्हा वास यायला लागला. बाबासो वाट बघत राहिले. महिना गेला, सहा महिने गेले. सकाळी दूध तापायला ठेवलं की ते पातेल्यावर वाकून उभे राहायचे आणि चेहऱ्याला नुसती वाफ लागायची. नाकाच्या डॉक्टरकडं जावं, तर कळंब्यापासून बिंदू चौकापर्यंत कोल्हापुरात ओळखीचं माणूस नाही असं दवाखान्याचं बाकडं नाही. कुणीतरी हटकणारच, "काय पावणं, कान का घसा?" आणि मग काय सांगायचं? ज्याच्या जिवावर जन्मभर नाक वर करून चाललो तेच बंद पडलंय म्हणून?

त्यापेक्षा त्यांनी सोंग घ्यायचं ठरवलं, आणि त्या सोंगाची त्यांची त्यांनाच गंमत वाटायला लागली. फोडणी चुर्र वाजली की मनात दोनपर्यंत मोजायचं आणि म्हणायचं, "वा, काय वास सुटलाय!" एकदा असंच म्हणाले तेव्हा शालन आतून म्हणाली, "तव्यावर पाणी सांडलंय." बाबासोंनी त्या दिवशी दुपारपर्यंत घरात तोंड दाखवलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. सोंगाचा त्रास त्यांच्या एकट्यापुरता होता. मग शिवानी परत आली.

शिवानी ही त्यांची एकुलती एक लेक. औषधशास्त्र शिकलेली, पुण्यात कंपनीत काम केलेली. जावयाला इकडं नोकरी लागली म्हणून दोघं कोल्हापूरला आले आणि दोन गल्ल्या सोडून राहू लागले. तिनं बापाच्या घरातली मागची खोली मागून घेतली, रीतसर परवाना काढला आणि नाजूक कातडीच्या माणसांसाठी एक मलम करायला लागली. मेण, बदामतेल आणि 'टी ट्री'चं तेल. मलमाचं नाव ठेवलं 'अलगद'. ज्या घरात "जेवाय या" म्हटलेलं तिसऱ्या घरात ऐकू जातं, तिथं हे नाव ठेवणारी पोर आपल्याच पोटची का, असं बाबासोंना वाटून गेलं.

टी ट्री म्हणजे चहाचं झाड, असा त्यांनी सरळ अर्थ लावला आणि सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगून टाकलं, की आमची शिवानी चहापत्तीचं तेल काढते. त्यावर एकानं विचारलं, "साखर किती घालती?" घरी आल्यावर शिवानीनं समजावलं, की त्या झाडाचा चहाशी काही संबंध नाही. ते ऑस्ट्रेलियात पाणथळ जागी वाढतं आणि त्याच्या पानांतून वाफेनं तेल काढतात. फार पूर्वी तिकडं गेलेल्या गोऱ्या खलाशांनी म्हणे असल्याच पानांचा चहा करून प्यायला, तेव्हापासून हे नाव. म्हणजे आपल्याआधी कुणीतरी हीच चूक करून बसलंय, हे ऐकून बाबासो खूश झाले.

"आणि एवढ्याश्या थेंबानं काय व्हतंय?" त्यांनी विचारलं. "जरा सढळ हातानं घाल की."

"जास्त घातलं की चावतंय, पप्पा. शंभर भागाला अर्धा भाग, बास. आणि तेल ताजं पायजे. उन्हाला, हवेला लागून जुनं झालं की ते सौम्य राहत न्हाय, कातडीवर उठतंय. जुनं झाल्यालं वासावर कळतंय." मग तिनं बाटली त्यांच्यापुढं धरली. "कंपनीचा कागद असतोय, पण माझा तुमच्या नाकावर जास्त भरवसा हाय. आजपास्नं प्रत्येक बाटली तुमी पास करायची."

खरं सांगायची वेळ तीच होती. बाबासोंनी तोंड उघडलंही. पण रिटायर झाल्यापासून त्यांना कुणी दळण आणा, लाइटबिल भरा याच्यापलीकडं काम सांगितलं नव्हतं. त्यांनी बाटलीचं झाकण काढलं, आतली बाजू नाकाशी नेली, डोळे मिटले, तीन अंक मोजले आणि म्हणाले, "चालतंय."

पुढची दोन वर्षं ते चालवत राहिले. शिवानीच्या चेहऱ्याकडं बघून निकाल द्यायचा. तिच्या कपाळावर आठी नसली की माल पास. मग त्यांना वाटलं, सगळंच पास केलं तर नाकाची किंमत काय राहिली? म्हणून एकदा एका नव्या कोऱ्या बाटलीवर त्यांनी नाक मुरडलं आणि म्हणाले, "जरा कडवट मारतंय." शिवानीनं ती बाटली ओतून दिली. डॉकवर एकही कॅन नाहक परत न पाठवणारे बाबासो मोरीत जाणारं ते तेल बघत उभे राहिले. मनात स्वतःला कोल्हापुरी शिव्या घातल्या, पण तोंडानं म्हणाले, "असल्या बाबतीत मी कुणाची गय करत न्हाय."

यंदा एप्रिलात एका बुधवारी शिवानीनं एक अर्धी बाटली आणली. मागच्या उन्हाळ्यातली होती. खिडकीपाशी राहून गेलेली.

"मला जरा उग्र वाटतंय," ती म्हणाली, "पण दिवसभर ह्याच वासात बसून माझं नाक बोथट झालंय. वापरू का टाकू? तुमी सांगा."

तिच्या चेहऱ्यावर आठी होती का नव्हती, हेच बाबासोंना नीट दिसलं नाही. चष्मा बाहेर राहिला होता. एवढ्यात शालन दारातून जाता जाता म्हणाली, "रंगाच्या दुकानात आल्यागत वास कशाचा येतोय गं?"

ती तेवढं बोलली नसती, तर कदाचित बाबासो टाकून दे म्हणाले असते. पण बायकोनं आपल्या आधी निकाल द्यावा? "तुझं नाक फोडणीचं," ते म्हणाले, "हितं काय कळणार त्याला?" आणि शिवानीकडं वळून ठणकावलं, "चालतंय. घाल बिनघोर."

त्यातल्या चमचाभर तेलात चाळीस डब्या झाल्या.

शुक्रवारी सकाळी डब्या राजारामपुरीत निशिगंधाच्या दुकानात जायच्या होत्या. निशिगंधा शिवानीची शाळेतली मैत्रीण. बाबासो पडवीत दाढी उरकून तोंड पुसत होते आणि आत शिवानी खोकी बांधता बांधता तिच्याशी फोनवर बोलत होती. "व्हय, त्या बाईंना दे बिनधास्त. दुसऱ्या क्रीमनं तोंड सोलून निघालंय म्हणालीस न्हवं? मग पहिली डबी त्यांनाच दे. अगं, माझ्या पप्पांनी वास घेतल्याबिगर हितनं एक डबी भाईर पडत न्हाय." फोन ठेवून ती स्कूटीवर निघून गेलीसुद्धा.

ती बाई कोण, कुठली, बाबासोंना ठाऊक नव्हतं. पण तिचं सोललेलं तोंड त्यांना स्वच्छ दिसलं. ते मागच्या खोलीत गेले आणि ती अर्धी बाटली शोधून काढली. झाकण नाकाशी नेलं. जोरात ओढलं, एकेक नाकपुडी दाबून ओढलं, देवळात न जाणाऱ्या माणसानं नवस बोलावा तसं मनातल्या मनात काहीबाही बोलून ओढलं. काही नाही. नुसती गार हवा.

मग त्यांना युक्ती सुचली. नाकाला कळत नाही तर कातडीला कळेल. त्यांनी तळहातावर तेल ओतलं आणि नुकत्याच दाढी केलेल्या दोन्ही गालांना खसाखसा चोळलं. तेल आंघोळीला चोळतात तेवढं.

पाचव्या मिनिटाला बाबासो मोरीत डोकं घालून उभे होते. पाणी मारलं की आग आणखी वाढत होती.

"आगं आई गं! काय केलासा हे?" शालन धावत आली. "गांधीलमाशी चावली का काय?"

उत्तर द्यायला ते थांबले नाहीत. पायात चप्पल सरकवली आणि कोपऱ्यावरची रिक्षा धरली. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि न विचारता हॉस्पिटलचा रस्ता धरला. "राजारामपुरी, राजारामपुरी!" बाबासो ओरडले. तो म्हणाला, "व्हय पावणं, पण आधी तोंड दाखवून घेऊया की." त्याला वळवता वळवता बाबासोंच्या नाकी नऊ आले.

दुकानात शिवानी खोकी उघडत होती. गल्ल्यापाशी निशिगंधा होती आणि तीन बायका उभ्या होत्या. टोमॅटोसारखं तोंड घेऊन म्हातारा आत शिरला तशा त्या बाजूला सरकल्या.

"पप्पा! तोंडाला काय झालं?"

"कुणाला दिलीस का डबी? एकतरी दिलीस का?"

"न्हाय अजून. पण झालं काय?"

"ते तेल जुनं हाय. माझ्या तोंडावर बघ. मी लावून बघितलं."

"नुसतं लावलं? न मिसळता?" शिवानीनं कपाळाला हात लावला. "पप्पा, ताजं तेल असं चोळलं तरीबी चावणारच की! ह्याच्यावरनं काय ठरतंय? वासावर काय कळलं ते सांगा."

म्हणजे तोंड भाजून केलेली परीक्षासुद्धा चुकीचीच होती. आता सांगायला एकच गोष्ट उरली. बाबासोंनी आयुष्यात नाक वर करून पुष्कळ निकाल दिले होते; हा एक त्यांनी नाक मुठीत धरून दिला.

"वासावर काय कळत न्हाय मला," ते म्हणाले. हळू बोलायचा प्रयत्न केला होता, पण तो आवाज डॉकवर घडलेला, दुकानाबाहेरही गेला. "कोरोनापास्नं. चार वर्षं झाली. एकाबी बाटलीचा वास मला आल्याला न्हाय."

निशिगंधानं एक डबी उघडली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "उग्र हाय गं," ती म्हणाली. शिवानीनं चाळीसही डब्या पुन्हा खोक्यात भरल्या आणि बापाला स्कूटीवर मागं बसवलं. वाटेत ती एक अक्षर बोलली नाही. कोल्हापुरात शिव्या खाल्लेल्या परवडतात. गप्प बसलेलं माणूस परवडत नाही. बाबासोंना ती वाट फार लांबची वाटली.

घरी आल्यावर तिनं आधी त्यांच्या गालांना साधं खोबरेल लावलं. मग म्हणाली, "ती कडवट म्हणून टाकायला लावल्याली बाटली. ती चांगली व्हती?"

"चांगलीच असणार. नवी व्हती की."

"मग?"

"लई दिवसांत कुठली परत पाठवली नव्हती, म्हणून."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं आणि ती पुन्हा चिडली. "आणि मला सांगायला काय झालंतं? मी काय हाकलून दिलं असतं तुमाला?"

"तू म्हणालीस, पप्पा तुमी पास करा," बाबासो म्हणाले. "मला लई बरं वाटलं बघ. नाक गेल्यालं सांगितलं असतं, तर मी पुन्हा दळण आणणारा म्हातारा झालो असतो. तेवढ्यासाठी मी लोकांची तोंडं जाळाय निघालतो." हे त्यांना हसत हसत सांगायचं होतं, पण गाल ओढले जात होते.

इतक्यात शालननं पियूला बाहेर आणलं. पियू म्हणजे प्रियदर्शनी, शिवानीची वर्षभराची लेक. आत्ताच न्हाऊ घातलेली, टाळूवर तेल जिरवलेली. शालननं तिला आज्याच्या मांडीवर सोडलं आणि बाबासोंनी नेहमीसारखा चेहरा खाली करून तिच्या टाळूशी नाक नेलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. ती दवाखान्यातून घरी आली त्या दिवसापासून ते रोज असंच करत. घरातले सगळे म्हणत, आज्याचं बघा, नातीचा वास घेतल्याशिवाय चहा पीत नाही.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा शिवानी त्यांच्याकडं टक लावून बघत होती.

"तिचा तरी येतोय का?" तिनं विचारलं.

गेल्या चार वर्षांतली दुसरी कुठलीही थाप त्यांनी स्वतःवरच हसून सांगितली असती. ही एक त्यांना हसून सांगता येईना.

"न्हाय," ते म्हणाले. "कवाच न्हाय."

शिवानीचा राग कुठल्या कुठं गेला. ती त्यांच्या शेजारी खाली बसली, पियूच्या टाळूवर नाक टेकवलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

"खोबरेलाचा हाय," ती डोळे मिटूनच म्हणाली. "साबणाचा. मानंला जरा घामाचा. आणि दुधाचा." ती थांबली. पुन्हा एकदा वास घेतला. "जरासा आंबूस."

"आंबूस?" बाबासो म्हणाले. "मग माघारी पाठवाय पायजे की." आणि पियूला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.