भाऊजींचं पेयांचं पॅकेज

आमच्या ह्यांच्या आतेभावाने जगातली कुठलीही गोष्ट प्रात्यक्षिक घेतल्याशिवाय खरी मानलेली नाही. लग्नाचं तेवढं प्रात्यक्षिक घेता आलं नाही, आणि ही रुखरुख ते जाऊबाईंच्या देखत बोलून दाखवतात. भाऊजींचं अकोल्यात बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. त्या धंद्यात रीतच अशी, की शेताच्या एका पट्ट्यात नवं वाण लावायचं, शेजारच्या पट्ट्यात जुनं, आणि हंगामाअखेर लोकांना बांधावर बोलावून दोन्ही दाखवायची. भाऊजींनी ती रीत घरात आणली. नवी टूथपेस्ट आली तेव्हा महिनाभर ते डावीकडचे दात पेस्टने आणि उजवीकडचे राखुंडीने घासत होते. कूलर घ्यायचा होता तेव्हा दोन कूलरच्या मधोमध खुर्ची टाकून विक्रेत्याकडे इतका वेळ बसले, की मालकाने शेवटी त्यांनाच गिऱ्हाइकांकडे बघायला सांगितलं.

त्या वर्षांत आमच्याकडे एक विचित्र मेळ जमला होता. कपाशी जसजशी बसत गेली, तसतशी कंपन्यांकडून दुकानदारांना मिळणारी बक्षिसं उभी राहत गेली. आधी भिंतीवरचं घड्याळ यायचं, मग थर्मास आला, मग चाकांची बॅग. ज्या साली गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली, त्या साली औषधाच्या कंपनीने विक्रीचं टारगेट पुरं केलं म्हणून भाऊजींना जोडीने मुंबई ते गोवा जहाजाची सफर दिली. खोली फुकट, जेवण फुकट, पिण्याचं मात्र ज्याचं त्याने बघायचं. ग्लासागणिक पैसे द्या, नाहीतर आधीच पॅकेज घ्या आणि दिवसभर हवं ते प्या. एका खोलीतल्या दोघांनीही घ्यायला हवं, आणि आपल्या ग्लासातलं दुसऱ्याला द्यायचं नाही.

हा शेवटचा नियम वाचून भाऊजींनी चष्मा काढला. "वहिनी, मी पेऊन राहिलो अन् बाजूचा माणूस पाहून राहिला, असा चहा मी जन्मात पेलो नाई. घशाखाली जाईन तरी कसा थो?"

जाऊबाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. माहेर तिवशाचं, सासर अकोल्याचं, मधे कुठे समुद्र लागत नाही. ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून त्यांनी रबरी तळव्याच्या चपलाही घेऊन ठेवल्या होत्या. पण पंधरा दिवसांत होकार गेला नाही, तर जागा चांदूर बाजारच्या एका दुकानदाराला जाणार होत्या, आणि भाऊजींचं पॅकेजचं ठरत नव्हतं.

अर्थात, प्रात्यक्षिक. रविवारी दोघं अमरावतीला आमच्या घरी आले आणि भाऊजींनी आमच्या घराला जहाज जाहीर केलं. मला याद्या करायची सवय, म्हणून मी कप्तान. मी यादी फ्रिजला चिकटवली: लिंबू सरबत, पन्हं, ताक, उसाचा रस, सोडा, चहा, कॉफी. शेतातल्या दोन पट्ट्यांसारखे भाऊजी पॅकेजवाले, जाऊबाई बिनपॅकेजवाल्या, म्हणजे दर ग्लासाला पर्स उघडायची. त्यांनी पर्स उघडलीच नाही, दिवस माठाच्या पाण्यावर काढला. भाऊजींनी जेवणाआधीच यादी वरून खाली आणि खालून वर संपवली. ताटं वाढली तेव्हा ते सोफ्यावर आडवे होते आणि पुरणपोळीकडे पाहून सुस्कारे टाकत होते.

"हे तं उलटंच झालं," ते म्हणाले. "फुकटचं जेवन गेलं अन् इकतचं पानी पोटात."

"मंग नोका घेऊ पॅकेज," जाऊबाई म्हणाल्या. "पन जाऊ तं."

"थांब. हवामान बराबर नोयतं. जहाजावर वारा असते."

वाऱ्यासाठी पुढच्या रविवारी आम्ही चिखलदऱ्याला गेलो. तिथे थंडीत त्यांना तहानच लागेना. कसाबसा कॉफीचा एक कप हातात धरून ते तलावाकाठी बसले आणि आणखी एक प्रात्यक्षिक घ्यावं लागेल म्हणाले. मी व्यवहारी बाई. सरळ विचारलं, "भाऊजी, अडचण पॅकेजची आहे, की तुम्हाला जायचंच नाही?"

त्यांनी कप दुसऱ्या हातात घेतला. जाऊबाई म्हणाल्या, "काहून बोलून नाई राहिले?"

भाऊजींनी कप खाली ठेवला. "टारगेट कशानं पुरं झालं, वहिनी? अळीनं. लोकं फवारू फवारू थकले, म्हून मले जहाज. आता थे दुकानात येतात, मले शिव्या देतात, पानी पेतात अन् जातात. दुकान बंद दिसलं तं शिव्या द्याले कुठं जातीन?"

जाऊबाई म्हणाल्या, "हे मले सांगाचं ना. तितके ग्लास कायले पेले?"

"तू जा," भाऊजी म्हणाले. "वहिनीले घेऊन जा. अन् पॅकेज घेऊनच जा दोघी. दर ग्लासाले पर्स उघडाचं काम नोको."

कंपनीच्या माणसाने नाव बदलून दिलं आणि आम्ही निघालो. डेकवर सगळे दुकानदारच होते. हातात ग्लास घेऊन ते पुढच्या वर्षी कोणती अळी येईल याचे अंदाज बांधत होते. जाऊबाई पहिल्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत कठडा धरून उभ्या राहिल्या. वेटर ट्रे घेऊन आला, तर त्याला म्हणाल्या, "इतकं पानी पाहूनच पोट भरलं बाप्पा." सबंध सफरीत त्यांनी सकाळ-संध्याकाळच्या चहापलीकडे काही घेतलं नाही. माझं पॅकेज मी पद्धतशीर वसूल केलं. त्यांचं पाण्यात गेलं.

परतीची गाडी सकाळी अकोल्याला थांबली. मला अमरावतीसाठी पुढे बडनेऱ्याला उतरायचं होतं, म्हणून मी खिडकीशीच बसले. भाऊजी फलाटावर होते. त्यांनी पहिला प्रश्न केला, "पॅकेज वसूल झालं?"

"झालं," जाऊबाई म्हणाल्या. "तुमी असते तं अनखी झालं असतं."

भाऊजींनी त्यांच्या हातातली बॅग घेतली. दुकान उघडायची वेळ होत आली होती, तरी ते जाऊबाईंच्या चालीने, सावकाश जिन्याकडे निघाले. गाडी हलली तेव्हा दोघं अजून पहिल्याच पायऱ्यांवर होती.