गोडीच्या मागे काय येते

गिरडच्या टेकडीखालच्या शिवारात अश्विन थूलइतका तुसडा माणूस दुसरा नाही. हे त्याच्या बायकोसमोर, भावनासमोर म्हटलं तरी ती नाराज होत नाही. त्याचा माणसांपेक्षाही जास्त राग बाजारातल्या द्राक्षांवर. कुणी लांबोडी हिरवी द्राक्षं घरी आणली, की आत मेलेली घूस असावी तसा तो पिशवीकडे बघायचा. "साल नाई, बी नाई, चव नाई," म्हणायचा. "दात पडलेल्या माणसाचं फळ."

हा तोरा त्याने दिंडोरीकडून आणला होता. तिथल्या एका वायनरीत तो बरीच वर्षं कामाला होता. आधी बागेत, मग पाहुण्यांना वाइनची चव समजावून सांगणाऱ्या टेबलामागे. पाहुणे पेला गरगर फिरवून "व्वा, किती स्मूद!" म्हणत, तेव्हा तो हसून मान डोलवायचा आणि मनातून त्यांना बैल ठरवायचा. वडील वारल्यावर तो गावी परतला आणि कपाशीच्या वावरात त्याने लाल वाइनच्या द्राक्षांच्या तीन जाती लावल्या: शिराझ, कॅबरने आणि झिनफँडेल.

दारूबंदीच्या जिल्ह्यात वाइनची द्राक्षं! शेजारचे बबनराव दोन वावरांमधल्या धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "जेलात जातं का बे?"

"बंदी दारूवर आहे, काका. द्राक्षावर नाई. आन डोकं वापराले तर कोनीच मनाई केली नाई."

पहिला खरा बहर आला तो मार्चमध्ये, ऊन चटकायला लागल्यावर. घड काळेभोर झाले. टेकडीवरच्या दर्ग्याला जाणारे लोक गाड्या थांबवून वावरात शिरू लागले. एवढेसे मणी पाहून त्यांना वाटायचं, आंबट असतील. पण तोंडात टाकताच चेहरा बदलायचा. "अरे, हे तर बाजारातल्याहून गोड!" मग लगेच बिया थुंकत, "पण साल केवढी जाड!"

"वाइनचं द्राक्ष गोडच राह्यते," अश्विन तुच्छतेने सांगायचा. "गोडीचं कायचं कौतिक? गूळही गोड राह्यते. गोडीच्या मागे काय येते ते सांगा."

बबनरावांनी तिन्ही जाती चाखल्या आणि म्हणाले, "मले तर सारखेच लागून राह्यले."

अश्विनने टोपली मागे ओढली. "मिऱ्याचा वास येते ते शिराझ. हिरव्या ढोबळ्या मिरचीचा दर्प येते, साल दाताले आवळते, ते कॅबरने. आन एकाच घडात एक मणी कच्चा न् एक सुकून मनुका, ते झिनफँडेल. जीभ आहे का चामडं, काका?"

बबनराव तोंडातल्या बिया थुंकून निघून गेले. त्यांच्या पाठीकडे बघत अश्विनने सहज एक शिराझ तोंडात टाकलं आणि थबकला. चूळ भरून आला, पुन्हा चाखलं. मिऱ्याचा मागमूस नव्हता. कॅबरनेत ढोबळी मिरची नव्हती. तिन्हींत नुसती गोडी, पाकासारखी जाड, आणि तिच्या मागे काहीच नाही. इतके दिवस तो दिंडोरीचं पाठ केलेलं भाषण देत होता. स्वतः एकदाही नीट चाखलं नव्हतं. तो वेलीखाली बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची किळस आली.

त्याच आठवड्यात मंजुषा आली. वायनरीत वाइन बनवणारी, त्याची जुनी वरिष्ठ. माल बघायला त्यानेच तिला बोलावलं होतं. तिने साखर मोजली, मणी चावले आणि गोडसं हसली. "छान पिकलीत. आम्ही घेऊ. स्वस्तातली गोड वाइन असते ना, तिच्यात मिसळू. तिन्ही एकत्रच तोडून पाठवा."

भावनाचा चेहरा उजळला. अश्विनचा काळवंडला.

"पाहुण्यांशी बोलता तसं माझ्याशी बोलू नका, मॅडम. भिकार आहेत म्हणा."

मंजुषाने बिया थुंकल्या. "भिकार आहेत. उन्हानं सगळा आंबटपणा जाळलाय. त्या बांधावरच्या आंब्याच्या सावलीतल्या ओळीत शिराझ थोडं तगलंय. बाकीचं खाऊन टाका."

"मग नाही देत."

मंजुषाची गाडी वळताच भावना कडाडली, "भिकार माल बी घेऊन राह्यली होती थे, आन तुमी नाई म्हनता? लोकाइले नावं ठेवता ठेवता सोताच्या वावराले बी ठेवली!"

"ठेवली. लायकीच तेवढी आहे त्याची."

त्याने बाग सगळ्यांना खुली केली. लोकांनी पिशव्या भरभरून नेल्या आणि मिटक्या मारत खाल्लं. बबनरावांच्या घरी तो स्वतः टोपली घेऊन गेला. "काका, तुमी खरं बोलले होते. तिन्ही सारखेच आहेत."

"मंग मले चामडं काऊन म्हटलं?"

"थे वेगळं. थे आहेच."

बबनरावांनी टोपली ठेवून घेतली आणि त्याला चहा विचारला नाही.

पावसाळ्याआधी त्याने कॅबरने आणि झिनफँडेल मुळासकट उपटली आणि पाऊस पडल्यावर तिथे तूर पेरली. आंब्याच्या सावलीतली शिराझची तेवढी एक ओळ राखली. गावात हसं झालं. पुढच्या साली ऊन तापायच्या आधी, मणी जरा करकरीत असतानाच त्याने घड तोडले आणि एक पेटी ट्रॅव्हल्सच्या गाडीने मंजुषाला पाठवली.

तिचा फोन आला तेव्हा भावना अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. अश्विन फोन कानाला लावून अंगणभर फिरत होता.

"का म्हने?" त्याने फोन ठेवल्यावर तिने विचारलं.

"मिरं आलं म्हने. हलकं आहे, पन आलं."

"मंग तोंड असं काऊन केलं?"

"हलकं आहे म्हटलं ना!" तो खेकसला, छाटणीची कात्री उचलली आणि भर दुपारी वावराकडे निघाला.