हात धुवायचं पाणी

“ओत गं, अजून ओत.”

वृक्षारोपणाला आलेले मोठे पाहुणे हात पुढे करून उभे होते आणि मी हंडा वाकवून ओतत होते. रोप लावताना हाताला लागलेली चिमूटभर माती, तिच्यासाठी अर्धा हंडा. जूनचा पहिला आठवडा, पावसाचा पत्ता नाही. डोंगरातल्या झऱ्यावर बसून सकाळभर वाटीवाटीनं भरलेलं ते पाणी होतं. घरी माझी पोर त्याची वाट बघत होती.

खड्डे मीच खणले होते. फोटोच्या वेळी मात्र म्हणाले, “ताई, तुम्ही जरा बाजूला.”

ही गेल्या वर्षीची गोष्ट. वसई पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा. त्याच्याही आदल्या वर्षी याच पाहुण्यांनी माझ्या आईचे हात हातात घेतले होते. “आजी, झाडं जगवा. जंगल वाढलं की झरा आटणार नाही. आणि पाइपलाइन आली की पहिला नळ तुमच्या पाड्याला.” आईनं खरं मानलं. मीही मानलं, याचाच जास्त राग येतो. उन्हाळाभर आम्ही तोंडचं पाणी तोडून रोपांना घातलं. पाइपलाइन आली. आमच्या दारावरून थेट विरारच्या टॉवरांना गेली. पाइप टाकणाऱ्या जेसीबीनं आमची रोपं चिरडली. नळ नाहीच. आणि त्या दिवशी त्याच जागी पुन्हा झाडं, पुन्हा तेच पाहुणे.

हात धुऊन झाले. पाहुण्यांनी बूट पुढे केला.

माझं डोकं फिरलं. मी हंडा सरळ केला.

“हे प्यायचं पानी हाय. बुटाला देनार नाय.”

हंडा डोक्यावर घेतला नि निघाले. मागे कुणीतरी हसलं.

घरी आई चिडली. “मोठ्या मानसाला पानी नाय म्हनलीस?”

मी पोरीला पाणी पाजलं, मग आईला पेला दिला. ती प्यायली. थोड्या वेळानं म्हणाली, “बुटाला मागत व्हता?” मग उठून तिनं हंड्यावर झाकण ठेवलं.

पाड्यामागच्या उतारावर आम्ही लाकूडतोड बंद केली आहे. ऐनाच्या जुन्या खुंटांना फुटवे आलेत. झरा यंदा थोडा जास्त टिकला. तिथं कुणी फोटो काढायला आलेलं नाही.

काल निरोप आला, पाहुणे येणार, खड्डे खणून ठेवा. मी कुदळीला हात लावला नाही. पाड्यातल्या आम्ही सगळ्या बायका रिकामे हंडे घेऊन वाटेत बसणार आहोत. आई सगळ्यांच्या पुढे. नळ बसल्याशिवाय त्यांची गाडी पाड्यात शिरणार नाही.